झपाटणं, पछाडणं आणि ऑब्सेस होणं

एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरलीच, मग तहानभूक विसरून माणूस तिच्याच मागे. अशाला आपण झपाटलेला म्हणतो, आणि बऱ्याचदा कौतुकानेच म्हणतो. खरंतर झपाटणं हे भुताचं काम! झप करून यायचं आणि धरायचं, सुटका नाही. हल्ली त्याच जागी आपण सर्रास 'ऑब्सेस होणं' म्हणतो, आणि या क्रियापदाचा प्रवास मला फार आवडतो कारण तोही भुतांच्याच वाटेने आलाय.

मूळ लॅटिन शब्द ऑब्सिडेरे. ऑब म्हणजे समोर, सेडेरे म्हणजे बसणं, थोडक्यात समोर ठाण मांडून बसणं. रोमन लोक हा शब्द शहराला वेढा घालण्यासाठी वापरायचे आणि इंग्रजीतही तो आधी वेढा याच अर्थाने आला. मग ख्रिस्ती धर्मपंडितांनी तो सैतानाला लावला, दुष्ट शक्ती बाहेरून छळत असेल तर ऑब्सेशन आणि आत शिरून ताबाच घेतला तर पझेशन. आपल्याकडे पछाडणं वेगळं आणि अंगात येणं वेगळं, साधारण तसंच.

वैद्यकात तो रुळला एकोणिसाव्या शतकात. कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी 1877 मध्ये अशा विचारांचं वर्णन केलं जे माणसाच्या मर्जीविरुद्ध येतात, त्याला स्वतःलाच ते निरर्थक वाटतात, तरी हटत नाहीत. त्यांच्या जर्मन शब्दाचं भाषांतर ब्रिटनमध्ये झालं ऑब्सेशन आणि अमेरिकेत कम्पल्शन, पुढे दोन्ही जोडून ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ओसीडी. आता ऑब्सेशन म्हणजे परत परत येणारा विचार आणि कम्पल्शन म्हणजे त्याची भीती शमवायला केलेली कृती, उदा. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं.

माझ्या मते झपाटण्यापेक्षा वेढा हीच प्रतिमा विज्ञानाच्या जास्त जवळ जाते. कारण विचार अचानक येऊन धडकणं यात विशेष काहीच नाही. 2014 च्या एका अभ्यासात 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांना विचारलं, तर जवळपास 94 टक्के जणांना मागच्या तीन महिन्यांत नकोसा, घाणेरडा किंवा भीतीदायक विचार किमान एकदा तरी आला होता. गॅलरीत उभं असताना 'उडी मारली तर?' असं मनात चमकून जातं ना, तसलेच. बहुतेकांच्या डोक्यातून तो निघून जातो, ओसीडीत तो तिथेच तळ ठोकतो.

का, तर मेंदूत एक फेरा आहे. डोळ्यांच्या वरचा कपाळामागचा भाग 'काहीतरी चुकलंय' असा इशारा देतो, तो आत खोलवरच्या कॉडेट नावाच्या भागातून थॅलॅमसकडे आणि तिथून परत पुढे येतो. ओसीडीत हा फेरा गरजेपेक्षा जास्त चालू राहतो असं स्कॅनमध्ये दिसतं, म्हणजे कुलूप लावलंय हे डोळ्यांना दिसतं पण 'झालं, आता पुरे' हा निरोप काही पोचत नाही. म्हणून कोणी टेबल नीट आवरतो एवढ्यावरून 'मला ना जरा ओसीडी आहे' म्हणणं मला खटकतं. आवडत्या कामात बुडालेल्या माणसाला त्यातून बाहेर यायचं नसतं, ओसीडीवाल्याला जिवाच्या आकांताने बाहेर यायचं असतं. इतका उलटा अनुभव आहे आणि शब्द मात्र आपण एकच वापरतो.

विचार जबरदस्तीने हाकलूनही जमत नाही. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली, आणि नंतर परवानगी दिल्यावर तर अस्वल आधीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं.

त्यामुळे ओसीडीच्या एका प्रभावी थेरपीत विचाराशी झुंजतच नाहीत. जंतूंची भीती असेल तर थेरपिस्टसोबत दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, बस्स, बसून राहायचं. सुरुवातीला छाती धडधडते, हात नळाकडे ओढला जातो, पण न धुताही बऱ्याचदा भीती आपोआप उतरते, आणि नाही उतरली तरी ती सहन होते हे कळतं. 1992 च्या एका छोट्या अभ्यासात तर अशा थेरपीने बरं वाटलेल्यांच्या कॉडेटमधली धावपळ स्कॅनमध्ये कमी झालेली दिसली, औषधाने बरं वाटलेल्यांमध्ये दिसली तशीच.