कॅलिफोर्निया मिशन मार्ग

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन डिएगोपासून सोनोमापर्यंत पसरलेल्या २१ स्पॅनिश मिशनांना, म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठी पाद्र्यांनी उभारलेल्या वसाहतींना, जोडणारा मोटारप्रवास. अंतर साधारण ९७० किलोमीटर. पहिले मिशन फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे पाद्री हुनिपेरो सेरा यांनी १७६९ मध्ये सॅन डिएगोला स्थापले. शेवटचे, सोनोमाचे, १८२३ चे, म्हणजे मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाल्यानंतरचे; तेव्हा कॅलिफोर्निया मेक्सिकोत होते. मिशने एकेका दिवसाच्या मजलेवर बांधली, असे सर्रास सांगितले जाते. पण स्थापनेचा क्रम भौगोलिक नाही. दुसरे मिशन थेट उत्तरेला माँटेरेला उभे राहिले आणि मधल्या जागा पुढच्या अर्धशतकात भरत गेल्या.

प्रवासाचा कणा म्हणजे हायवे १०१. मेंढपाळाच्या काठीसारख्या वाकड्या खांबांवरच्या घंटा कडेला दिसत राहतात. त्या १९०६ पासून लावलेल्या खुणा आहेत, मिशनकाळातल्या नव्हेत. सगळी मिशने बघायला सहा-सात दिवस हवेत. नावांवर विसंबून पत्ता शोधला की घोटाळा होतो: मिशन सॅन होसे हे सॅन होसे शहरात नसून फ्रिमाँटमध्ये आहे आणि सॅन फ्रान्सिस्को सोलानो सोनोमात. बहुतेक मिशने आजही चालती चर्चे आहेत. शनिवारी लग्ने आणि रविवारी प्रार्थना असल्याने मुख्य दालन अनेकदा पाहता येत नाही, म्हणून आवडीची मिशने सोमवार ते शुक्रवारात बसवावीत. मात्र वेळा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, त्या आधी तपासाव्यात.

बांधकाम मुख्यतः अडोबीचे, म्हणजे माती, वाळू आणि गवत मळून उन्हात वाळवलेल्या विटांचे. वर कौले आणि चुन्याचा गिलावा असेपर्यंत या भिंती टिकतात. १८३० च्या दशकात मिशने चर्चच्या ताब्यातून गेली, कौले काढली-विकली गेली आणि पावसाने भिंती विरघळल्या. त्यातच भूकंप: डिसेंबर १८१२ मध्ये सॅन हुआन कॅपिस्त्रानोचे दगडी चर्च प्रार्थना चालू असताना कोसळून सुमारे ४० माणसे मेली. पुढे दुरुस्तीत काही ठिकाणी सिमेंटचा गिलावा चढवला. त्याने ओल आत कोंडते आणि अडोबी आतून भुसभुशीत होते. भिंतीच्या पायथ्याशी फुगलेला, सुटलेला थर दिसला, तर कारण बहुधा हेच असते.

त्यामुळे अस्सल काय आणि नंतरचे काय, यावर वेळ वाटावा. सांता क्रूझचे आजचे चर्च ही १९३१ ची लहान प्रतिकृती आहे. अर्धा तास पुरे. सॅन मिगेलमध्ये १८२० च्या सुमाराची भित्तिचित्रे अजून आहेत. तिथे घाई करू नये. सॅन हुआन बाउतिस्ताच्या फरशीत ओल्या मातीवर उमटलेले जनावरांच्या पंजांचे ठसे तसेच भाजले गेले आहेत. या मिशनाला लागूनच सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली लांब भेग, जातो.

सॅन अँटोनियो दे पादुआ सर्वांत एकाकी, आणि वाट वाकडी करून जावे असे. ते लष्करी तळाच्या हद्दीत, किंग सिटीपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आत आहे. इंधन किंग सिटीतच भरावे, नकाशा आधीच उतरवून घ्यावा. ओळखपत्र, गाडीची नोंदणी आणि विमा जवळ ठेवावा. सोबत भारतातून आलेले आईवडील असतील, तर त्यांना पासपोर्टवर आत सोडतील का, हे आधी विचारावे. तिथून डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरणारा रस्ता आणि बिग सर या डोंगराळ किनाऱ्यावरचा हायवे १ दरडींमुळे बंद पडतात. पर्याय म्हणून १०१ धरून ठेवावा.

कॅलिफोर्नियातल्या शाळांत चौथीला मिशनांचा इतिहास असतो, त्यामुळे तिथली मराठी कुटुंबेही मुलांना घेऊन येतात. मुलांना बागा आणि घंटांबरोबरच हेही दाखवायला हवे की विटा पाडणारे, शेतांत राबणारे हात कुमेयाय, टोंग्वा, चुमाश, ओहलोनी अशा मूळ रहिवाशांचे होते. बाप्तिस्मा झालेल्याला परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. पळालेल्यांना सैनिक धरून आणत आणि फटके देत. गोवर आणि इतर रोगांनी हजारो मेले. १७७५ मध्ये कुमेयायांनी सॅन डिएगो मिशन जाळले. १८२४ मध्ये चुमाशांनी उठाव करून ला पुरिसिमा महिनाभर ताब्यात ठेवले. १९३० च्या दशकात पुन्हा उभारलेले ला पुरिसिमा आता राज्य उद्यान आहे. कार्यशाळा, निवासाच्या खोल्या आणि पाण्याचे पाट एकत्र तिथेच समजतात. सेरांची कबर माँटेरेजवळच्या कार्मेलला, तिथल्या मिशनात आहे. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले, तेव्हा अनेक मूळ रहिवाशांनी उघड विरोध केला होता.