ब्लॅक म्हणजे काळी नव्हे: सुल्वे आणि पिकोलाला एकाच माळेत ओवू नका

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी टोनी मॉरिसन या ब्लॅक अमेरिकन लेखिकेची ‘द ब्लूएस्ट आय’ ही कादंबरी वाचतं आणि तिच्यातल्या पिकोलाबद्दल लिहितं, “अगदी आपल्यासारखंच हो, आमच्याकडे सावळ्या मुलीला काय कमी हिणवतात!” मग दुसरं कोणी ‘सुल्वे’ या चित्रपुस्तकाचा फोटो टाकतं आणि दोघींना औषध एकच, सेल्फ लव्ह. कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते.

सुल्वे पटकन उरकते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. अभिनेत्री लुपिता न्योंगोचं २०१९ चं चित्रपुस्तक. घरात सुल्वे सगळ्यात काळी, बहीण मिच उजळ, तिला लोक सनशाइन म्हणतात आणि हिला ब्लॅकी, डार्की. मग ही खोडरबरने अंग घासते, आईचा मेकअप थापते, फिकट रंगाचंच खाते. आपल्याकडे खोडरबरच्या जागी डाळीचं पीठ आणि साय, बाकी तेच. गोऱ्या लोकांचा गोष्टीत पत्ताच नाही, जे काही आहे ते आपल्याच माणसांत, शेडवरून. याला कलरिझम म्हणतात, झालं.

घोळ होतो तो पिकोलापाशी. टोनी मॉरिसनची कादंबरी १९७० ची, घडते अमेरिकेत, ओहायोतल्या लोरेन गावात, १९४०-४१ च्या सुमारास, पिकोला अकरा वर्षांची. आणि पोस्टमध्ये काय असतं, तर ‘तिला गोरं व्हायचं असतं’. अहो, पुस्तकाचं नाव तरी वाचा! तिला निळे डोळे पाहिजेत. गोरेपणा ही आपली हौस, ती आपण तिच्या तोंडी घालतो. आपल्याकडे सावळी, गव्हाळ, निमगोरी, गोरीपान अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला वाटतं की उटणं लावून एखादी तरी चढता येईल. निळे डोळे कुठल्या उटण्याने येणार? तिचं मागणं म्हणजे दुसऱ्याच माणसांत जन्म मागणं.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘ब्लॅक’चं सरळ ‘काळी’ करणं. मराठीत काळी ही शेड आहे, अमेरिकेत ब्लॅक हा अख्खा समाज आहे, कातडी कितीही उजळ असो, पूर्वजांत कोणी आफ्रिकन निघाला की तू ब्लॅक. तिथल्या व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये कायदाच केला की गोऱ्यांत मोजायचं तर दुसऱ्या रक्ताचा मागमूस चालणार नाही, थोडी सूट फक्त अमेरिकन इंडियन रक्ताला. समजून घ्यायचंच असेल तर रंगापेक्षा जातीशी ताडून बघा, गोरीपान असलात तरी आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो ना, साधारण तसं. तेही तंतोतंत नाही, पण ‘वधू गोरी हवी’पेक्षा जवळचं.

त्याच कादंबरीतली मॉरीन पील बघा. ब्लॅक आहे, काळी नाही. शिक्षक तिच्याशी हसून बोलतात, गोरी पोरं तिला दगड मारत नाहीत, आणि भांडण झाल्यावर तीच पिकोला आणि तिच्या मैत्रिणींना काळ्या नि कुरूप म्हणून ओरडते. एवढ्या भागाला खुशाल ‘आपल्यासारखंच’ म्हणा, मी भांडणार नाही. पण त्याच गावातल्या तळ्याकाठच्या बागेत ब्लॅक लोकांना मज्जाव आहे आणि त्यात मॉरीनही आलीच. कथा सांगणारी क्लॉडिया लहान असून हे ओळखते, शत्रू मॉरीन नव्हे, मॉरीनला सुंदर ठरवणारं आणि आम्हाला न ठरवणारं जे काही आहे त्याची भीती बाळगायची.

दुकानाचा प्रसंग आहे एक. पिकोला बुटात तीन सेंट ठेवून गोळ्या आणायला जाते. दुकानदार गोरा, तोही बाहेरून येऊन वसलेला, तिच्याकडे बघतो आणि त्याला तिथे कोणी दिसतच नाही, पैसे घेताना तिच्या हाताला हात लागू नये म्हणून कचरतो. तीन सेंटला नऊ गोळ्या, वेष्टनावर निळ्या डोळ्यांची मुलगी, आणि गोळी खाल्ली म्हणजे पिकोलाच्या लेखी ते डोळेच खाल्ले.

आता हिला सेल्फ लव्ह सांगायला जाणार कोण? सुल्वेला आई जवळ घेते, आकाशातला तारा येऊन रात्र आणि दिवस या बहिणींची गोष्ट सांगतो, तिला ते पटतं कारण घर तिच्या बाजूचं आहे. पिकोलाची आई गोऱ्यांच्या घरी कामाला, तिथल्या पोरीला कुरवाळते आणि त्याच स्वयंपाकघरात स्वतःच्या लेकीला मारते. सेल्फ लव्ह क्लॉडियाकडे आहे की, चिक्कार. नाताळात मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली ती तोडून बघते, हिच्यात एवढं काय आहे ते शोधायला, तर मोठी माणसं तिच्यावरच चिडतात.

आणि ‘काळी पण सुंदर’ लिहिणाऱ्यांनी आधी तो ‘पण’ काढा.

‘द ब्लूएस्ट आय’ लहान मुलींना गिफ्ट द्या म्हणणाऱ्यांनी ते पूर्ण वाचलेलं नसतं, बापाने केलेला बलात्कार आहे त्यात. सातव्या वाढदिवसाला भाचीला मी सुल्वेच दिलं. खोडरबरचं पान आलं तसं तिने मनगट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “मावशी, मी पण करून बघितलंय गं, जळजळतं.”