ओळखीची चाल (ख्रिस्ती उपासनेतील)

ख्रिस्ती मंडळीने एकत्र गायच्या गीतासाठी तिच्या कानांत आधीच मुरलेली चाल, ठेका किंवा छंद वापरण्याची रीत. प्रवचन एकजण करतो, प्रार्थना बहुधा पाळक सांगतो. विश्वासाचे शब्द सगळ्यांच्या तोंडून एका वेळी निघतात ते मुख्यतः गीतात. पुढचा स्वर कुठे जाणार हे शोधण्यात मन गुंतले तर शब्द ओठांवरच राहतात. चाल अंगवळणी पडलेली असली की मन अर्थाकडे वळते, सगळ्यांचा श्वास एका जागी पडतो, नजर पुस्तकावरून उठते आणि वाचता न येणारा माणूसही बरोबरीने गातो.

ही ओळख तीन प्रकारची असते. पूर्ण गीत पाठ असणे हा पहिला प्रकार. चाल जुनी आणि शब्द नवे, हा दुसरा. तिसरा प्रकार अधिक खोल आहे: गीतही नवे, चालही नवी, पण छंद ओळखीचा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, हा साचा मराठी कानाला इतका परिचित आहे की कधीही न ऐकलेल्या अभंगातही ओळ कुठे मिटणार हे श्रोत्याला आधीच कळते. दुसऱ्या कडव्याला तो आपोआप साथ देऊ लागतो.

युरोपात हेच काम अक्षरसंख्येच्या ठरावीक साच्यांनी केले. ८-६-८-६ अवयवांच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्यांच्या) ओळींचे कोणतेही स्तोत्र त्या मापाच्या कोणत्याही चालीवर गाता येते. म्हणून इंग्रजी स्तोत्रसंग्रहांच्या शेवटी मापांनुसार चालींची सूची असते. जॉन न्यूटन यांचे ‘अमेझिंग ग्रेस’ १७७९ मध्ये शब्दरूपात छापले गेले आणि आज जगभर ऐकू येणारी चाल त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली. जर्मन संगीतकार हान्स लिओ हास्लर यांच्या १६०१ च्या प्रेमगीताची चाल तर पुढे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या जर्मन गीताची झाली. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये आपल्या गीतसंग्रहात मंडळीच्या गायनासाठी नियम दिले. त्यांतला पहिलाच असा की इतर चाली शिकण्याआधी या संग्रहातल्या शिकाव्यात. सर्वांचा मिळून एकच साठा असल्याशिवाय मंडळी एकमुखाने गात नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

मराठीतला सर्वांत जुना मोठा दाखला फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा. १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापलेल्या या ग्रंथात सुमारे ११,००० ओव्या आहेत. तीन सयमक चरण आणि आखूड चौथा, ही पोथीची ओवी त्यांनी तशीच ठेवली. कथा बायबलची, पण ती म्हणण्याची लय श्रोत्यांच्या घरातलीच होती.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी आले तेव्हा उलट घडले. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झाले, आणि इंग्रजी-अमेरिकन चालींवर बसवलेली भाषांतरित गीते उपासनेत आली. त्यांतली काही रुजली, पुष्कळ अवघडल्यासारखी राहिली. कारण भाषेच्या घडणीत आहे. इंग्रजी स्तोत्रांच्या अनेक चाली समेच्या, म्हणजे ठेक्यातल्या पहिल्या जोरदार मात्रेच्या, आधीच्या हलक्या स्वरावर उचलतात. ‘प्रभू’ हा ऱ्हस्व-दीर्घ शब्द तिथे सहज बसतो. ‘येशू’ बसत नाही, त्याचा दीर्घ ‘ये’ चिरडला जातो. दुसरी अडचण अकारान्त अक्षरांची. ‘तारण’ बोलताना ‘ता-रण’ असे दोन अवयव होतात, अभंगात मात्र ‘ता-र-ण’ अशी तीन पुरी अक्षरे गातात. भाषांतरकाराने एक हिशेब धरला आणि गाणाऱ्याने दुसरा, की अर्धी मंडळी एक स्वर पुढे जाते. तिसरी गोष्ट विभक्तीची: इंग्रजीत एका अवयवाचा असलेला शब्द मराठीत ‘देवाने’, ‘कृपेमुळे’ असा लांबतो, म्हणून ओळीत अर्थ कमी मावतो आणि भरीचे शब्द वाढतात.

कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी केली. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, साकी, दिंडी, आर्या, अभंग, साथीला झांज आणि तबला: गावकऱ्याला ऐकायला कसे बसायचे हे शिकवावे लागत नसे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते म्हणत, आणि ‘अभंगांजली’त तो पूल प्रत्यक्ष दिसतो. त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही रविवारच्या उपासनेत गायली जातात. ती टिकली यात भक्तीच्या उत्कटतेइतकाच छंदाचाही वाटा आहे. कॅथलिक चर्चमध्ये हा मार्ग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मोकळा केला: ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाचा ११९ वा परिच्छेद स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यायला सांगतो.

नवे गीत रुजवताना: एका उपासनेत एकच नवे गीत घ्यावे, बाकी सगळी ओळखीची. पहिल्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी फक्त ध्रुवपद, तेही एका आवाजाने सांगून आणि मंडळीने झेलून, दोन-तीन वेळा. या वेळी पेटीवर नुसती चाल वाजवावी. भरगच्च स्वरमेळ आणि ताना घेतल्या की मूळ स्वर कोणता हे कळत नाही. दुसऱ्या रविवारी गायनमंडळाने कडवी म्हणावीत आणि मंडळीने ध्रुवपद धरावे. तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी पूर्ण गीत गावे आणि चौथ्या रविवारी ते पुन्हा घ्यावे. इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते: एकदा गाऊन गीत सोडून दिले जाते आणि महिन्याने ते पुन्हा नवेच वाटते.

पट्टी ठरवताना अग्रगायकाचा गळा बाजूला ठेवावा. स्त्री-पुरुष एकच चाल सप्तकाच्या अंतराने गातात. काळी एकच्या पट्टीत तार षड्जापर्यंत जाणारी चाल बहुतेकांना झेपते. त्याच पट्टीत तार गंधार-मध्यम आले की समोरचे निम्मे लोक गप्प होतात. चाल मंद्रात फारशी उतरत नसेल तर अशा वेळी त्याहून खालची पांढरी सहा धरावी. मंडळी गात नाही याचा दोष श्रद्धेला देण्याआधी पट्टी तपासावी.

लांबट देवळात गाणे रेंगाळते त्याचे कारण आवाजाच्या वेगात आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे बसलेल्याला सूर सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो, त्याचे उत्तर पुढे यायला तितकाच वेळ लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या केरव्यात मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे पुढच्याला मागचे लोक दोन-पंचमांश मात्रा मागे ऐकू येतात. त्यांच्यासाठी तो थांबला की लय प्रत्येक कडव्याला उतरते. तबलजीने मंडळीची वाट पाहू नये, आणि चार-सहा पक्के गाणारे मागच्या बाकांवर बसवावेत.

चालीबरोबर तिच्या आठवणीही येतात. लावणीची किंवा गाजत असलेल्या चित्रगीताची चाल घेतली तर पहिल्या ओळीला मूळ शब्दच मनात उमटतात. दुसऱ्या धर्माच्या आरतीची ठरावीक चाल उचलणे दोन्ही बाजूंना दुखावू शकते. याउलट छंद आणि ठेका कुणा एकाचे नसतात, म्हणून तिसऱ्या प्रकारची ओळख सर्वांत निर्धोक. एकाच गीताची चाल गावोगाव थोडी वेगळी असते. संयुक्त मेळाव्यात ध्रुवपदाचा शेवट कसा करायचा एवढे आधी ठरवून घेतले तरी गोंधळ टळतो.

धोका अतिओळखीचाही आहे. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कबूल केले आहे की गायलेल्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण जास्त हलतो तेव्हा आपल्याला ते पाप वाटते. तरीही चर्चमधले गायन ते नाकारत नाहीत. अनुभवी अग्रगायक अशा वेळी एखादे कडवे वाद्यांशिवाय घेतो, किंवा आधी नुसते वाचून दाखवतो. परिचित चाल क्षणभर थांबली की शब्द पुन्हा ऐकू येतात.

या चालीची सर्वांत कठीण कसोटी आजाऱ्याच्या खाटेजवळ आणि अंत्यविधीत लागते, कारण तिथे पुस्तक उघडायला कुणाचा हात मोकळा नसतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नावे आठवत नाहीत, तरी लहानपणचे भजन सुरू केले की पुढची ओळ तो अनेकदा स्वतः पुरी करतो. भेटीला जाणाऱ्याने अशा वेळी त्या माणसाच्या तरुणपणी मंडळीत जी गीते गायली जात ती घ्यावीत, पट्टी खाली ठेवावी, लय संथ ठेवावी आणि ओळ अर्ध्यावर सोडून थोडे थांबावे.