अमेरिकेत क्लिनिकचं बिलिंग: कोडच्या आधी नोंदणी, आणि मग नोट

अमेरिकेत क्लिनिकला नवीन डॉक्टर जॉईन झाला की पहिला प्रश्न असतो, याच्या नावाने मेडिकेअरला (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) बिल कधीपासून टाकता येईल? म्हणून कोडचं (बिलावर तपासणी आणि आजार सांगणारे ठरलेले आकडे) जरा थांबू, आधी नोंदणी बघू.

पात्रता साधी आहे, ज्या राज्यात प्रॅक्टिस करणार तिथलं चालू मेडिकल लायसन्स हवं. मग एनपीआय नंबर, म्हणजे डॉक्टर किंवा क्लिनिकची ओळख, दहा आकडी, एनपीपीईएस या सरकारी साईटवर फुकट मिळतो (त्यासाठी कोणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा). डॉक्टरचा टाईप १, क्लिनिकचा टाईप २, दोन्ही वेगळे. त्यानंतर पेकॉस या पोर्टलवरून मेडिकेअरचा अर्ज (सीएमएस ही मेडिकेअर चालवणारी सरकारी संस्था, फॉर्म तिचेच): डॉक्टरसाठी सीएमएस ८५५आय, ग्रुपसाठी ८५५बी. डॉक्टरचे पैसे ग्रुपच्या खात्यात वळवायला आधी ८५५आर वेगळा भरावा लागायचा, तो २०२३ मध्ये ८५५आय मध्येच घेतला, तरी जुनी चेकलिस्ट धरून बसलेले लोक अजून तो शोधत असतात. पैसे थेट बँकेत यायला सीएमएस ५८८ हा फॉर्म आणि सोबत कॅन्सल चेक किंवा बँकेचं पत्र. क्लिनिकच्या नावासाठी आयआरएसचं (आयकर खात्याचं) पत्र लागतं, आणि नाव त्या पत्रात जसं आहे तसंच सगळीकडे टाका, नावाच्या शेवटचं एलएलसी (कंपनीचा प्रकार) राहिलं तरी अर्ज परत येऊ शकतो.

तारखेचं गणित महत्त्वाचं. अर्ज पोचल्याची तारीख आणि त्या जागी काम सुरू केल्याची तारीख यातली जी नंतरची ती धरतात, आणि साधारणपणे त्याच्या मागचे ३० दिवसच बिल करता येतात. म्हणजे अर्ज चार महिने टेबलावर पडून राहिला तर तेवढे पेशंट फुकट तपासल्यासारखंच झालं.

आता कोड. ओपीडी व्हिजिटचे नियम २०२१ मध्ये बदलले, ९९२०१ हा नव्या पेशंटचा सगळ्यात खालचा कोडच काढून टाकला आणि बाकीच्यांची लेव्हल एकतर वेळेवर नाहीतर मेडिकल डिसिजन मेकिंगवर (निर्णय किती गुंतागुंतीचा होता यावर) ठरते, हिस्ट्री आणि तपासणीचे मुद्दे मोजत बसायचं काम संपलं. २०२३ पासून हॉस्पिटलच्या व्हिजिटलाही तेच. वेळेवर टाकायचं तर जुन्या पेशंटसाठी ९९२१३ ला किमान २० मिनिटं, ९९२१४ ला ३०, ९९२१५ ला ४०. त्यात त्याच दिवशी रिपोर्ट वाचणं, नोट लिहिणं हेही धरतात, पण फक्त डॉक्टरचा वेळ, नर्सचा नाही.

समजा पेशंटला डायबेटिस आणि बीपी, दोन्ही कंट्रोलमध्ये, आणि डॉक्टरांनी औषधं बघून पुढे चालू ठेवली. दोन स्टेबल क्रॉनिक आजार अधिक प्रिस्क्रिप्शन औषधाचा निर्णय, तीनपैकी (आजार, तपासलेली माहिती, धोका) दोन निकष मॉडरेट, म्हणजे मध्यम, म्हणजे ९९२१४ बसतो. पण नोटमध्ये नुसतं 'मेड्स सेम' लिहिलं असेल तर ऑडिटवाला कुठला निर्णय म्हणून धरणार? गोळीचं नाव, डोस, चालू ठेवण्याचं कारण, एक ओळ पुरते. माझ्या मते कोडिंगची निम्मी भांडणं या एका ओळीची असतात, कोडरची नाहीत.

जी२२११ हा ॲड-ऑन, म्हणजे व्हिजिटच्या कोडसोबत लावायचा जादा कोड, १ जानेवारी २०२४ पासून मिळतो, पेशंटशी कायमचं नातं असलेल्या डॉक्टरसाठी. त्याच व्हिजिटला मॉडिफायर २५ (त्याच दिवशी दुसरी प्रोसिजरही झाली पण व्हिजिट वेगळी, असं सांगणारी खूण) लावला की तो साधारण मिळत नाही, २०२५ पासून लस आणि प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिससाठी सूट आहे. आयसीडी-१० चे (आजाराचे) नवे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात आणि सीपीटीचे (व्हिजिट, प्रोसिजरचे) १ जानेवारीला, सॉफ्टवेअर अपडेट झालंय का ते त्याच आठवड्यात बघा.

क्लेम, म्हणजे मेडिकेअरला टाकलेलं बिल, सर्व्हिसच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत गेला पाहिजे. नाकारला तर पहिल्या अपीलला, म्हणजे रिडिटरमिनेशनला, १२० दिवस मिळतात.

आणि जागा बदलली तर ३० दिवसांत कळवायचं. दर पाच वर्षांनी रिव्हॅलिडेशनही (नोंदणीची फेरतपासणी) येतं, त्याची नोटीस बरेचदा सोडून गेलेल्या मॅनेजरच्या ईमेलवर जाते, तारीख हुकली की बिलिंग बंद, आणि मधल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत.