सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही?

गिरगावच्या चाळीपासून विरारच्या टॉवरपर्यंत अजून ऐकू येतं: सातव्या महिन्यातलं बाळ तगतं, आठव्यातलं नाही. खरं तर उलट आहे. पोटातल्या प्रत्येक जादा आठवड्यात फुप्फुसं आणि मेंदू पक्के होत जातात.

३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची पुढची वाढ मात्र निव्वळ आठवड्यांवर ठरत नाही. आईचा रक्तदाब, जंतुसंसर्ग, प्रसूतीआधी बाळाची फुप्फुसं पक्की करणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं का, नंतर तिला नैराश्यानं गाठलं का, घरी हाताखाली कोण आहे, या सगळ्याचा परिणाम होतो. ‘हिचाच पायगुण’ म्हणणाऱ्यांनी आधी तिला झोपू द्यावं. दूध कमी पडलं तर शीवच्या टिळक रुग्णालयात १९८९पासून मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दिलेल्या दुधाची पेढी, आहे. आणि बसणं-रांगणं मोजताना साधारण दोन वर्षांपर्यंत जन्मतारीख नव्हे, डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची अपेक्षित तारीख धरा.