दोन सीडींचं कीर्तन

कीर्तन ऐन रंगात यायचं, बुवा दृष्टान्ताच्या तोंडाशी असायचे आणि टीव्ही काळा व्हायचा. मग कोणीतरी उठून प्लेअरमधली सीडी बदलायचं. व्हिडिओ सीडीचं मानक ठरलं १९९३ साली. त्यात एका सीडीवर ७४ मिनिटांचं चित्र मावायचं, आणि वारकरी कीर्तन दोन तासांचं. त्यामुळे पंढरपूर-सोलापूरकडे कीर्तन म्हणजे दोन सीडी, हा हिशेब ठरलेलाच.

चित्र तसं गरीबच होतं. ३५२ बाय २८८ ठिपके, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या निम्मी रुंदी नि निम्मी उंची. जास्त मिनिटं बसावीत म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही गाळलेली. त्यामुळे सीडीवर चरा पडला की बुवांच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. पण व्हीएचएस कॅसेटची प्रत काढायला कॅसेटएवढाच वेळ लागायचा, आणि प्रतीची प्रत आणखी फिकी निघायची. सीडी रायटरमधून काही मिनिटांत सीडी बाहेर, आणि शंभरावी पहिलीसारखीच. लग्नाची शूटिंग घेणाऱ्याकडे कॅमेरा होता, संगणक आला होता. घरबसल्या 'कंपनी' काढायला एवढं पुरेसं होतं.

वितरक मात्र कोणी नव्हता. ते काम यात्रा करायची. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे तिथली यात्रा. होम मैदानावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारं गिऱ्हाईक एकाच गर्दीत फिरतं. विकलेल्या सीडीचे पैसे त्याच संध्याकाळी गल्ल्यात, आणि उरलेल्या किती ते पिशवीत हात घातला की कळायचं.

हे गणित बिघडलं ते दोन बाजूंनी. जी सोय बनवणाऱ्याची, तीच चोराची: एक सीडी विकत घेतली की पन्नास काढता येत. दुसरा घाव कायदेशीर होता. २००७मध्ये मोझर बेअर या सीडी बनवणाऱ्या कंपनीनं सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. अख्खा पिक्चर २८ रुपयांत मिळतोय म्हटल्यावर गावच्या माणसानं घरात बर्न केलेली सीडी पन्नासला कोण घेणार?

कायदा तोपर्यंत झोपला होता असं नाही. कॉपीराइट कायद्यात १९८४मध्येच कलम ५२ अ आलं. व्हिडिओच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता, हक्कदाराची परवानगी घेतल्याचं निवेदन आणि लागू असेल तिथे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत असावी, असं ते सांगतं. पुढे २००९मध्ये महाराष्ट्रानं झोपडपट्टीदादांसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओचोरांनाही बसवलं. यात्रेतल्या कागदी पाकिटांवर यातलं काय छापलेलं असायचं, ते ज्यांनी ती घेतली त्यांनाच विचारा.

आणखी एक वाट होती केबलवाल्याची. ओळख असली की सीडी नेऊन द्यायची, रात्री लोकल चॅनलवर लागायची. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूर होतं; मुदत ३१ मार्च २०१३. सेट-टॉप बॉक्स आले आणि ही ओळखीची वाट अरुंद झाली. त्याच सुमाराला मोबाइलच्या दुकानात 'चिप भरून' मिळू लागली. मेमरी कार्ड द्यायचं, थोडे पैसे टाकायचे, गाणी, पिक्चर, कीर्तनं सगळं भरून यायचं. त्यातला रुपयाही बनवणाऱ्याकडे जायचा नाही. चोरी म्हणून कोणाला ती खटकायचीही नाही.

यूट्यूब २००५चं, भारतातली आवृत्ती २००८ची. सुरुवातीच्या काळात तिथेही तुकडेच पाडावे लागत: २००६पासून दहा मिनिटांची मर्यादा, २०१०च्या जुलैत पंधरा. दोन सीडींचं कीर्तन आता 'भाग १' ते 'भाग १२' झालं. मर्यादा उठली तरी पाहणार कोण, हा प्रश्न होताच, कारण नेट महाग. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या पारावरही व्हिडिओ चालू लागले.

पैशाचं मात्र वेगळंच झालं. जानेवारी २०१८मध्ये यूट्यूबनं जाहिरातीतल्या वाट्यासाठी अट घातली: १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं. दोन तासांचं कीर्तन दोन हजार वेळा अथपासून इतिपर्यंत पाहिलं जावं, तेव्हा कुठे दार उघडणार. गड्ड्यात पहिली सीडी खपली की चहाचे पैसे सुटायचे!

वर हक्कांची भानगड. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण त्याचं एखाद्या कंपनीनं काढलेलं ध्वनिमुद्रण तिचं. व्हिडिओत मागे ते वाजवलं की यूट्यूबची यंत्रणा आपोआप ओळखते आणि जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळू शकतात. सीडीच्या काळात कंपनीला हे कळायचंही नाही. म्हणून आता शहाणा माणूस शूटिंगआधी पखवाजवाला आणि टाळकरी आपलेच बसवतो, आणि मंडपात कोणाची कॅसेट लागलेली नाही ना, हे आधी बघतो.