लढाई संपल्यानंतरचा पवित्रा

सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दर मे महिन्यात कराटे वर्गाचं पत्रक लागतं. यंदाच्या पत्रकात नऊ फायदे छापले होते. शिस्त, एकाग्रता, आत्मविश्वास, संयम, मोठ्यांचा आदर, अभ्यासात प्रगती, असे एकेक. मारामारीचं नाव नाही. 'स्वसंरक्षण' तेवढं आठव्या नंबरावर अंग चोरून बसलेलं. ज्या विद्येत ठोसे आणि लाथा शिकवतात, तिची जाहिरात संस्कारवर्गासारखी कधीपासून व्हायला लागली, हा प्रश्न मला लिफ्टची वाट बघताना पडला आणि मग तो डोक्यातून जाईना.

वाचत गेल्यावर कळलं की हे क्लासवाल्यांनी काढलेलं खूळ नाही. लढण्याच्या विद्येतून रोजच्या वागण्याचे धडे काढायची रीत जुनी आहे. जपानात आणि आपल्याकडे तिने जोर धरला तो साधारण एकाच प्रकारच्या काळात, म्हणजे हातातली हत्यारं गेल्यावर.

आधी आपलं बघू. मराठीत आखाडा रोजच्या बोलण्यात इतका मुरलाय की तो दिसतच नाही. वर्तमानपत्रात रोज कुणीतरी 'आक्रमक पवित्रा' घेत असतं. पवित्रा म्हणजे दांडपट्टा किंवा लाठी खेळताना उभं राहण्याची, पाय टाकण्याची पद्धत. महिन्याचा जमाखर्च जुळेना की आपण पेचात सापडतो, तो पेच कुस्तीतला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी आणि खजिनदार मुद्द्यावर येण्याआधी वीस मिनिटं एकमेकांना जे चाचपत असतात, त्याला पैलवान खडाखडी म्हणतात. वस्ताद हा आखाड्यातला गुरू. बाहेर पडल्यावर त्याचा अर्थ 'पोहोचलेला माणूस' असा का झाला, हे ज्याने वस्ताद बघितलेत त्याला सांगायला नको. तालीम हा शब्द अरबीतून आला, मूळ अर्थ शिक्षण. मराठीने तो पैलवानांना दिला आणि नटांनाही, म्हणून आमच्या ठाण्यात नाटकाचीही तालीमच होते.

लढाई ठाण्यातून कधी गेली, हे जवळजवळ बोट ठेवून दाखवता येतं. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो हल्ला करून मराठ्यांकडून घेतला. पुढे त्याच तटाच्या आत तुरुंग झाला. आजचं मध्यवर्ती कारागृह ते हेच. १८१८ ला पेशवाई बुडाली, १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं. पट्टा हातात उरला तो मर्दानी खेळांपुरता, मिरवणुकीपुरता. (२०२४ मध्ये त्याच दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर केलं. मान मोठा आहे, पण तो चालवता येणारी माणसं शोधायला आजही कोल्हापूरकडे बघावं लागतं.)

हत्यार गेलं तरी अंगमेहनत राहिली, आणि तिच्याभोवती एक आचारधर्म उभा राहिला. तालमीत मारुती हवाच. रामदासांनी गावोगावी बसवलेल्या मारुतीची आठवण त्यात आहे. पहाटे उठायचं, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, उतरण्याआधी माती कपाळाला लावायची, लंगोटाचं पक्कं राहायचं, खुराक वेळेवर घ्यायचा. कुस्तीआधी दोघे एकमेकांच्या अंगाला माती लावतात. पाठ टेकली की कुस्ती संपली, त्यापुढे हात उगारायचा नाही. यातलं एकही कलम कुठे लिहून टांगलेलं नसतं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं आणि शिष्यपरंपरेतून तो दूरवर पोहोचला. पुढे विसाव्या शतकात या सगळ्याला संस्थांचं रूप आलं: अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. लाठी-लेझीम शिकवणाऱ्या या मंडळींना कुणाशी उद्या लढाईला जायचं नव्हतं. पारतंत्र्यातला तरुण ताठ उभा राहायला हवा, शरीर कमावलं की बाणाही कमावला जातो, अशी त्यांची श्रद्धा होती. आमच्या पत्रकावरचे नऊपैकी निदान पाच फायदे त्यांच्या माहितीपत्रकातही सहज खपले असते.

आता जपान. तिथे १६०३ पासून तोकुगावा घराण्याच्या अमलात अडीचशे वर्षं मोठी लढाई जवळपास झालीच नाही. समशेरबहाद्दर सामुराई होते, पण समशेर चालवायला रणांगण नव्हतं. या रिकामपणात तलवारबाजी आत वळली. ताकुआन नावाच्या झेन भिक्षूने यागिउ मुनेनोरी या तलवारबाजीच्या गुरूला जे लिहून पाठवलं, त्याचा गाभा एवढाच की मन कुठेही थांबू देऊ नकोस. समोरच्याच्या तलवारीवर थांबलं तरी मेलास, आपल्या तलवारीवर थांबलं तरी मेलास. पाम बीच रोडवर स्कूटर चालवणाऱ्याला हे तत्त्वज्ञान वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर नजर खिळली की बाजूने घुसलेला दिसत नाही.

१८७६ मध्ये तोकुगावांनंतर आलेल्या मेइजी सरकारने तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली. सामुराईंचा रुबाब एका हुकमात उतरला. जुजुत्सु या जुन्या हातघाईच्या विद्येच्या गुरूंवर तर हाडं बसवून पोट भरायची वेळ आली. नेमक्या याच सुमाराला जिगोरो कानो नावाचा एक अंगाने लहानसा, शाळेत मार खाल्लेला मुलगा जुजुत्सु शिकायचं म्हणून तोक्योत गुरू शोधत होता, आणि त्याने शोध घेतला तो हाडवैद्यांच्या दारात. जो हाडं बसवतो त्याला ती मोडायचीही माहिती असणार, हा त्याचा हिशोब. तो बरोबर निघाला. १८८२ साली, एकविसाव्या वर्षी, कानोने एका देवळात बारा चटयांच्या जागेवर नऊ शिष्य घेऊन स्वतःची शाळा काढली. ती कोदोकान. विद्येचं नाव त्याने जुजुत्सुवरून जुदो केलं. 'जुत्सु' म्हणजे हुन्नर, 'दो' म्हणजे वाट. आपण ज्युदो म्हणतो ते हेच.

त्या एका अक्षरात पुढचं सगळं आहे. कानो पेशाने मास्तर होता. शिक्षक घडवणाऱ्या तोक्योच्या संस्थेचा तो वर्षानुवर्षं मुख्याध्यापक होता. १८८९ च्या एका व्याख्यानात त्याने ज्युदोचे तीन हेतू मांडले: शरीराचं शिक्षण, लढत आणि मनाचं वळण. सरकारी शिक्षणखात्यासमोर बोलत असल्यासारखीच ही भाषा आहे. पुढे १९२२ मध्ये त्याने दोन सूत्रं सांगितली. पहिलं, बळ जिथे जेवढं लागेल तेवढंच आणि तिथेच वापरायचं. दुसरं, आपलं आणि समोरच्याचं भलं एकत्रच होतं. दुसरं सूत्र सुविचाराच्या फळ्यावरचं वाटेल, पण गादीवर ते रोखठोक आहे. तुम्हाला फेक शिकायची तर दुसऱ्या कुणीतरी शंभरदा पडायला तयार व्हायला हवं. तो जायबंदी झाला तर उद्या तुम्ही कुणाला फेकणार? म्हणून त्याने गादीवर हाताने थाप मारली की पकड त्या क्षणी सोडायची.

कराटेची गोष्टही मास्तरांचीच. ओकिनावात अंको इतोसु यांनी १९०१ मध्ये ते प्राथमिक शाळेत नेलं आणि मुलांना झेपतील असे छोटे काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, रचले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी, तेही शाळामास्तर. १९२२ मध्ये ते प्रात्यक्षिकासाठी तोक्योला आले, तेव्हा कानोने त्यांना कोदोकानमध्ये बोलावलं. पांढरा पोशाख आणि पट्टे कराटेने ज्युदोकडूनच उचलले. 'चिनी हात' अशा अर्थाची अक्षरं बदलून 'रिकामा हात' अशी लिहायची पद्धत फुनाकोशींनी रूढ केली. त्यांनी शिष्यांना घालून दिलेल्या वीस वचनांपैकी दोन आजही भिंतीवर दिसतात: कराटेत पहिला वार नसतो, आणि कराटे फक्त वर्गातच असतं असं समजू नका. रोजच्या जगण्यात पवित्रा न्यायची कल्पना याहून नेमक्या शब्दांत कुणी मांडलेली माझ्या वाचनात नाही.

पट्ट्यांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण दर वर्गात ती दंतकथा ऐकू येते: पांढरा पट्टा न धुता वापरून वापरून मळत काळा झाला, तोच ब्लॅक बेल्ट. कथा गोड आहे. प्रत्यक्षात दान ही श्रेणी कानोने १८८३ मध्ये दिली आणि काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांत आला. मधले पिवळे-नारिंगी-हिरवे पट्टे रूढ झाले ते युरोपात, १९३० च्या दशकात, पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या कावाइशी यांच्यामुळे. शिकणाऱ्याला थोडक्या काळात काहीतरी हाती लागल्यासारखं वाटावं, हा व्यवहार त्यामागे होता. आमच्या मुलीच्या आधीच्या वर्गात तर दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि दर परीक्षेला वेगळी फी होती. तिथे पट्ट्यांपेक्षा पालकांच्या चेहऱ्याचा रंग लवकर बदलायचा.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती पत्रकात येत नाही. १९३१ मध्ये जपानने मुलांच्या माध्यमिक शाळांत ज्युदो आणि केंदो (बांबूच्या तलवारीची विद्या) सक्तीचे केले. आदर, त्याग, निष्ठा हे सगळे शब्द तेच राहिले, फक्त ते युद्धखोर सरकारच्या कामी आले. १९४५ नंतर दोस्तांच्या लष्करी राजवटीने शाळांतून या विद्या काही वर्षं बंद ठेवल्या त्या यामुळेच. सर काहीही म्हणाले की तीस पोरं एका सुरात 'ओस्स' ओरडतात तेव्हा मला बरं वाटतं आणि किंचित धास्तीही वाटते.

भारतात ही वाट शांतिनिकेतनातून आली म्हणायला हरकत नाही. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या ज्युदोच्या गुरूंना बोलावून घेतलं, आणि तिथे मुलीही शिकल्या. पण गल्लीबोळात कराटे नेलं ते ब्रूस लीने. १९७३ च्या जुलैत तो गेला आणि नंतरच्या दहा वर्षांत आमच्या ठाण्यात नौपाड्यापासून कळव्यापर्यंत दर चौथा मुलगा दोन दांडक्यांना सायकलची साखळी बांधून नानचाकू फिरवत होता. कपाळावर टेंगूळ ही त्या पिढीची ओळख.

मी त्याच काळात ज्युदो शिकलो, शाळेच्या हॉलमध्ये, कापसाच्या गाद्यांवर ताडपत्री शिवलेली असायची तिच्यावर. पहिला महिनाभर सरांनी एकही डाव दाखवला नाही. फक्त पडायचं. मागे, डावीकडे, उजवीकडे. हनुवटी छातीला लावून, हात गादीवर सपकन आपटून, म्हणजे धक्का हातावर वाटला जातो आणि डोकं वाचतं. पुढे मी मेडल वगैरे काही मिळवलं नाही. मात्र वीसेक वर्षांनी एका जुलैत, ठाणे स्टेशनच्या जिन्यावर, घाईत पाय सटकून मी चार पायऱ्या उताणा गेलो, तेव्हा छत्री एकीकडे, डबा एकीकडे आणि माझा उजवा हात फरशीवर सपकन. आवाज एवढा मोठा झाला की लोकांना वाटलं मी रागाने आपटला. डोक्याला ओरखडा नाही. डब्यातली उसळ मात्र गेली.

नवी मुंबईत या दोन्ही परंपरा शेजारी राहायला आल्या, एकमेकींना न ओळखता. सिडको १९७० ची. तिने आखलेल्या नोडांत, म्हणजे नव्या वसाहतींत, वेशीवरचा मारुती नव्हता, तालीम नव्हती. ती होती आधीपासूनच्या आगरी-कोळी गावांत, जिथे जत्रेला कुस्त्यांचा फड अजून लागतो. घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलला तसे सातारा-सांगलीकडचे माथाडी कोपरखैरणे, घणसोलीत स्थिरावले. त्यांच्यातल्या कित्येकांनी गावच्या जत्रेत रेवड्यांवर, नारळावर कुस्त्या मारलेल्या.

आमच्या मजल्यावरचे आजोबा त्यातलेच, मूळचे कोरेगाव तालुक्यातले, आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेले. नातू पिवळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचलाय. संध्याकाळी ते पोडियमच्या कठड्यावर बसून त्याचा वर्ग बघतात.

"माती कुठाय पण?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, "आजोबा, हे मॅटवरच असतं."

"आमच्यात म्हैनाभर कुस्ती नाय. निस्ता हौदा खांदायचा. फावडं घ्यायचं आन् खांदायचं."

"आणि मग?"

"मग काय. वस्ताद म्हणायचा, अजून खांद."

या वर्गाच्या सरांचा नियम चपलांचा आहे. आल्यावर दाराशी चपला काढायच्या त्या टाचा आत, बोटं बाहेर, एका ओळीत. ओळ वाकडी असेल तर सगळ्यांना दहा उठाबशा. तीस जोड्या पट्टीने आखल्यासारख्या लागतात. परवा मी त्या ओळीचं कौतुक केलं, तर नातवाची आई शेजारीच होती.

"इथे बघून जा हो," ती म्हणाली. "आमच्या दारात आलात तर एक चप्पल शू-रॅकखाली आणि दुसरी लिफ्टपाशी."

आजोबा कठड्यावरून उतरत होते. "सराला सांग," ते म्हणाले, "अजून खांदायला लाव म्हणावं."